आधी गोळी

करंदीकरबाईंनी मला फसवले. चार महिने फसवले. माझ्या काउंटरसमोर उभ्या राहून "ती घबराटीची गोळी मी केव्हाच सोडली हो, जगताप" असे त्या मला सांगत होत्या, आणि तीच गोळी, माझ्याच दुकानातून, दुसऱ्या बाईच्या नावावर निघून त्यांच्या पोटात जात होती.

मी सहजासहजी फसणाऱ्यांतला नाही. बडोद्यात कुणालाही विचारा. आमचे पणजोबा सरकारच्या पागेत होते. घोडा आमच्या पिढीपर्यंत पोचला नाही, लगाम नसलेले तोंड तेवढे पोचले. दुसऱ्याच्या दवाखान्यात बाटल्या धुण्यापासून मी सुरुवात केली, कंपाउंडरकी केली, रडतखडत फार्मसीची पदविका घेतली आणि मांडवीच्या गर्दीत आठ फूट रुंदीचे दुकान मिळवले. जागेचा भाव सांगून मालक मला रडवायला बसला होता; शेवटी माझा भाव ऐकून तो रडला. आता दुकानात सून बसते. ती शिकलेली फार्मासिस्ट आहे. मी बाजूच्या स्टुलावर बसतो आणि, तिच्या मते, अडचण करतो.

बाहेरच्या माणसाला वाटते, औषधाचे दुकान म्हणजे कागद घ्यायचा, खोका काढायचा, पिशवीत घालायचे. खरे काम ऐकण्याचे आहे. औषध नावाने कुणी मागत नाही. "ती गुलाबी द्या." "पेली नानी सफेद आपो ने," म्हणजे ती छोटी पांढरी द्या ना. एक गृहस्थ तर म्हणाले होते, "मागच्या वेळी मी तुमच्या पंख्याखाली उभा असताना दिलेली द्या." त्यातून आमचे गाव तीन भाषांचे. गुजराती माणूस म्हणतो "गभरामण थाय छे", मराठी म्हणतो "जीव घाबराघुबरा होतो", आणि या दोन वाक्यांत भीती, गॅस, चहाची जास्ती, हृदयाचा झटका आणि व्याही मुक्कामाला येणे, हे सगळे बसते. नेमके कोणते ते ठरवायचे काम डॉक्टरचे. आपल्या मनाने ठरवणारे भेटले की माझे डोके फिरते.

घबराटीची गोळी ही दिसायला कपाळावरच्या टिकलीएवढी असते, म्हणून लोकांना ती बिचारी वाटते. ती बिचारी नाही. डॉक्टर ती देतात, योग्य वेळी ती फार उपकार करते, पण ती थोड्या दिवसांची पाहुणी असते. दोन-चार आठवड्यांत तिला निरोप द्यायचा. राहू दिली की ती भाडेकरू होते, आणि आमच्या मांडवीतल्या जुन्या भाडेकरूंना कुणी कधी काढू शकले आहे का? म्हाताऱ्या शरीरात तर ती जास्तच रेंगाळते. तरुण माणसाची गोळी सकाळपर्यंत उतरते, सत्तरीच्या माणसाची दुसऱ्या दिवशी दुपारीही डोक्यात बसलेली असते. मग चालताना तोल जातो, बाथरूममध्ये पाय सटकतो, खुब्याचे हाड मोडते. नावे आठवत नाहीत, चष्मा सापडत नाही, आणि घरचे म्हणतात, वयच झाले आता. सर्दीची, खोकल्याची किंवा दुखण्यावरची झोप आणणारी औषधे सोबत घेतली तर आणखी वाईट. दारूबरोबर तर मुळीच नाही. आमच्या राज्यात दारूबंदी असल्यामुळे हे कुणाला सांगावे लागत नाही, असे सरकारचे मत आहे. मी सांगतो.

आणि दुसऱ्याची गोळी घेऊ नये. रमणभाई म्हणून आमचे एक गिऱ्हाईक होते. मुलीच्या लग्नाचे बोलणे करायला डभोईला निघाले. छातीत धडधडायला लागले, म्हणून बायकोची गोळी तोंडात टाकून बसमध्ये बसले. डभोई आले आणि गेले. रमणभाईंना जाग आली ती राजपिपळ्याला. तिकडे मुलाकडचे फाफडा गार करत बसले आणि शेवटी, मुलीचा बाप भारी मानी दिसतो म्हणून उठून गेले. रमणभाई माझ्याशी भांडायला आले, जणू बस मीच चालवत होतो. मुलीने मात्र गुपचूप मला पेढे आणून दिले. तिला तो मुलगा पसंत नव्हता. पण दर वेळी असा शेवट होत नाही.

करंदीकरबाई म्हणजे कुंदाताई करंदीकर. वय अठ्ठ्याहत्तर. मराठी शाळेत बत्तीस वर्षे गणित आणि मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यापासून अकोट्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. अकोट्याला औषधांची दुकाने कमी आहेत का? पण बाई नदी ओलांडून माझ्याकडेच यायच्या, कारण त्यांच्याशी घासाघीस करण्याइतका वेळ आणि दम फक्त माझ्यात होता.

"जगताप, या पट्टीतल्या एका गोळीचा कोपरा दबलाय. नऊ गोळ्यांचाच भाव लावा."

"बाई, दबलेली गोळी पोटात जाऊन तेच काम करते."

"दबलेला विद्यार्थी वर्गात बसून तेच काम करतो का? नऊ."

अशी आमची दर महिन्याची मैफल. शिवाय माझ्या पाटीवरची ऱ्हस्व वेलांटी त्यांनी तीनदा दाखवून दिली होती. चौथ्यांदा त्या पेंटरलाच घेऊन आल्या.

मग एका पावसाळ्यात विश्वामित्रीचे पाणी त्यांच्या सोसायटीत शिरले, आणि पाण्याबरोबर मगर. वनखात्याचे लोक येऊन ती घेऊन गेले, पण बाईंच्या मनातून ती गेली नाही. जिन्यात काही वाजले की मगर. शेजाऱ्यांनी सोफा सरकवला की मगर. मी म्हटले, "बाई, मगर तीन मजले चढत नाही." बाई म्हणाल्या, "लिफ्टनं आली तर?"

झोप उडाली, छाती धडधडू लागली. त्यांच्या भागात नवे आलेले एक तरुण डॉक्टर आहेत, उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. नाव लिहीत नाही, भला माणूस आहे. त्यांनी बाईंना तपासले, कार्डिओग्राम काढला, धीर दिला आणि ही गोळी लिहून दिली. शेजारच्या हंसाबेन सोबत गेल्या होत्या. वय बहात्तर, कानाने थोड्या कमी. आता आलोच आहोत तर, म्हणून त्यांनीही आपली गभरामण सांगून घेतली. दोघींना एकच गोळी, एकच सूचना. कागद घेऊन दोघी माझ्याकडे आल्या.

इथे माझी चूक झाली, ती मी लपवत नाही. कागदावर एकाखाली दोन असा अर्धा लिहिलेला होता, आणि गरज पडेल तेव्हाच, असे. मी तो वाचला. पण त्याच वेळी एका होलसेलवाल्याशी फोनवर माझे जोरात जुंपले होते. रिसीव्हर खांद्यात धरून मी दोन पट्ट्या पुढे केल्या आणि विचारले, "कशी घ्यायची ते डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"स्पष्ट सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"चोख्खुं कह्युं छे," हंसाबेन म्हणाल्या.

मी पुन्हा फोनवर ओरडू लागलो. "अर्धी" हा दोन अक्षरांचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. त्या दिवशी होलसेलवाल्याला मी दोनशे शब्द तरी दिले असतील.

पंधरा दिवसांनी बाई जुनाच कागद घेऊन परत आल्या. या गोळ्यांना कडक नियम आहे. नवा कागद लागतो, वेगळ्या वहीत रुग्णाचे, डॉक्टरचे नाव लिहावे लागते. मी नाही म्हटले. आता वादाला तोंड फुटणार म्हणून मी बाह्या सरसावल्या, तर बाई म्हणाल्या, "नको तर नको. मी बंदच करणार होते." आणि निघून गेल्या.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. करंदीकरबाई आणि "नको तर नको"?

पुढे दर महिन्याला मी विचारायचो आणि त्या "सोडली हो" म्हणायच्या. हंसाबेन मात्र दर महिन्याला नवा कागद घेऊन येत. रक्तदाबाच्या औषधांखाली ही गोळी जशीच्या तशी उतरवलेली. डॉक्टरांनी "कैसा है?" विचारले की हंसाबेन शिष्टाचार म्हणून "बहु सरस" म्हणत, आणि जुना कागद नव्या कागदावर चढे.

इकडे बाई बदलत चालल्या. एकदा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आल्या. एकदा आल्या, औषध घेतले, रस्ता ओलांडला, परत आल्या आणि तेच औषध मागितले. पायरीवर झोक गेला तेव्हा सुनेने धावत जाऊन धरले. हे सगळे पाहून मला वाईट वाटले. भीती वाटली ती पौषातल्या एका दिवशी. मी बिल सांगितले. बाईंनी बटवा उघडून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "काय ते तुम्हीच काढून घ्या."

बाईंनी भाव केला नाही! पट्टीचे कोपरे पाहिले नाहीत! सुनेला म्हटले, "काहीतरी भयंकर झालंय." ती म्हणाली, "पप्पा, कुणी पूर्ण पैसे दिले तर लोक त्याला सज्जन म्हणतात." तिला काय कळणार.

आठवड्याभरात उत्तरायण आले. अहमदाबादहून बाईंचा मुलगा नंदू बायकोमुलीसह पतंगाला आला. वासी उत्तरायणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, सगळे गाव गच्चीवर असताना तो माझ्या दुकानात उभा. नाकावर उन्हाचा चटका, बोटाला मांज्याची चीर.

"काका, मोठ्या माणसांचे डायपर ठेवता का?"

"कुणासाठी?"

"आईसाठी. अजून लागत नाहीत, पण प्रवासात असावेत. रविवारी तिला अहमदाबादला नेतोय, कायमची. तिचं डोकं गेलंय, काका. तिळगुळात मीठ घातलं. माझ्या मुलीला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारते. फोनवर तर महिनोन् महिने बोबडं बोलतेय. फ्लॅटचंही एकाशी बोलणं झालंय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"त्यात काय दाखवायचं? दिसतंच आहे."

"औषधं कोणती चालू आहेत तिची?"

"बीपीची. आणि कसलीशी."

"कसलीशी म्हणजे?"

"काका, दुकान तुमचं. तुम्हालाच ठाऊक."

मला राग आला की मी आधी डबल आवाजात बोलतो आणि मग विचार करतो. त्या दिवशी उलटे झाले. गप्प राहून मी स्कूटर काढली. डोक्यावरून "काय्पो छे", म्हणजे कापला रे, अशा आरोळ्या, गळ्याला मांजा लागू नये म्हणून मफलर गुंडाळलेला, मागे नंदू. नदी ओलांडून आम्ही अकोट्याला पोचलो.

बाई खुर्चीत बसल्या होत्या, उघड्या डोळ्यांनी पेंगत. हंसाबेन उंधियूची वाटी द्यायला आलेल्या. मी म्हटले, "बाई, औषधांचा डबा दाखवा." त्यांनी दाखवला नाही. नंदूने स्वयंपाकघरातून आणला. वर रक्तदाबाच्या पट्ट्या आणि खाली टिकलीएवढ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचा गठ्ठा, रबर लावून ठेवलेला. पाकिटांवर माझ्या दुकानाचा शिक्का. नाव, हंसाबेन.

"हंसाबेन!" मी ओरडलो. "आ तमारी गोळी अहीं शुं करे छे?"

हंसाबेन बिचकल्या. "तो शुं करुं, जगतापभाई? हुं तो खाती ज नथी. डॉक्टर तो गांडो छे. कहे, अढी गोळी लेवानी. अढी! एटली बधी खाउं तो हुं ऊठुं ज नहीं. बेनने फावे छे, तो बेनने आपी दउं छुं."

गुजरातीत गांडो म्हणजे वेडा आणि अढी म्हणजे अडीच. अडीच गोळ्या ऐकून घाबरलेल्या हंसाबेनने एकही गोळी खाल्ली नव्हती. सगळ्या शेजारधर्म म्हणून बाईंना दिल्या होत्या. आणि बाईंना त्या फावत होत्या.

"बाई," मी म्हटले, "तुम्ही कशा घेता?"

"डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे." जीभ जड, पण मान ताठ.

"शब्दशः काय सांगितलं त्यांनी?"

"घबराहट हो, तो आधी गोली. घबराट व्हायची असेल, तर आधी गोळी घ्यायची. घबराट व्हायच्या आधी. बँकेत जायच्या आधी, लिफ्टमध्ये शिरायच्या आधी, आंघोळीला जायच्या आधी..." बाई थांबल्या, नंदूकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अशी."

बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि गच्चीवर पिपाण्या वाजल्या.

"बाई, ते हिंदी होतं," मी म्हटले. "आधी म्हणजे अर्धी."

"अर्धी म्हणजे एक छेद दोन. आधी म्हणजे अगोदर. मी बत्तीस वर्षं शिकवलंय, जगताप."

"मराठीत! ते हिंदी बोलत होते!"

"मला हिंदी येत नाही असं म्हणायचंय तुम्हाला?"

"अडधी?" हंसाबेनना इतक्यात कळले. "अडधी होय तो अडधी कहे ने! आधी-आधी शुं करे छे!"

म्हणजे एका शब्दावर तीन भाषांनी दावा सांगितला होता. डॉक्टर म्हणाले अर्धी, एकीने ऐकले अडीच, दुसरीने ऐकले अगोदर. अडीचवाली उपाशी राहिली आणि अगोदरवाली तिच्या वाटणीचे जेवली. गोळीच्या मध्यावर अर्धी करण्यासाठी रेघ असते. ती रेघ बाईंनी पाहिली होती. त्यांना वाटले, शोभेची आहे.

नंदू उठला. "म्हणजे या गोळ्यांमुळे? मग आजपासून बंद." आणि डबा कचऱ्यात टाकायला निघाला. मी त्याचा हात धरला. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे: चार महिने रोज घेतलेली ही गोळी एका दिवसात तोडायची नसते. अंग थरथरते, झोप साफ जाते, घबराट दुपटीने परत येते, फिटसुद्धा येऊ शकते. भाडेकरूला सामानासकट रस्त्यावर फेकले तर तो दगड मारतो. त्याला मुदत द्यावी लागते, आणि ती मुदत डॉक्टरने ठरवायची, मुलाने नाही, दुकानदारानेही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे डॉक्टरांकडे. त्यांनी सगळे ऐकले आणि कपाळाला हात लावला. "मैंने तो आधी बोला था." "तेच तर," आम्ही चौघे एका सुरात म्हणालो. पण माणूस खरा. जुना कागद आपण न विचारता पुढे उतरवला ही चूक त्यांनी तिथल्या तिथे कबूल केली. बाईंना नीट तपासले. म्हणाले, विसरणे सगळेच गोळीचे आहे असे आज सांगता येणार नाही, आधी... असा नवा शिकलेला मराठी शब्द तोंडी आला तसे थांबले आणि हिंदीतच म्हणाले, "पहले गोली धीरे-धीरे कम, फिर देखेंगे." नंदूने मुदत दिली गुढीपाडव्यापर्यंत. तोवर आई बडोद्यात. तेव्हाही असेच असेल तर अहमदाबाद.

दर दोन आठवड्यांनी बाईंना डॉक्टरांकडे न्यायचे मी पत्करले. आणि तिथे, वाचकहो, मी माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड घासाघीस पाहिली. बाई गोळी सोडायला तयार, पण भाव पाडून नव्हे.

डॉक्टर म्हणायचे, "दोपहर वाली में से चौथाई कम करेंगे."

"पाव कमी म्हणजे पाऊण," बाई म्हणायच्या. "एकदम पाऊणवर नाही यायचं. लिफ्टचं काय?"

"बाई, जिन्याने उतरा," मी.

"तुम्ही मध्ये बोलू नका, जगताप. डॉक्टर, पाऊण, पण पुढच्या सोमवारपासून."

"इस सोमवार से."

"बुधवार."

"मंगल. पक्का?"

"पक्का."

डॉक्टरने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. बुधवारपर्यंत थांबायची त्याची तयारी होती. मला तो माणूस त्या क्षणी आवडला. मांडवीत दुकान टाकले असते तर नाव काढले असते.

गोळीचे तुकडे करायचे काम सुनेने घेतले. तिच्याकडे त्यासाठी छोटा कटर आहे. त्याआधी बाईंनी यजमानांच्या अडकित्त्याने प्रयोग केला होता. अर्धी गोळी देव्हाऱ्यात आणि अर्धी सापडलीच नाही. सगळ्याच गोळ्या कापायच्या नसतात, ते विचारून घ्यावे. अन् कापलेला उरलेला तुकडा "वाया कशाला घालवा" म्हणून दुपारी खायचा नसतो. हेही मी उगाच लिहीत नाही. बाईंनी तोही प्रयत्न केला. हंसाबेनने धरले. हंसाबेन आता पहारेकरी झाल्या होत्या. रोज डबा मोजायच्या आणि मला फोन करायच्या, "जगतापभाई, टॅली छे."

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. झोप नाही, चिडचिड, मगर परत आली. डॉक्टरांनी एक पायरी थांबवली, मग पुन्हा उतरले. फाल्गुनात एक दिवस बाई दुकानात आल्या, पट्टी हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "जगताप, हिचा कोपरा दबलाय." मी मागे वळून खोके शोधू लागलो. डोळ्यांत काहीतरी गेले होते. त्या दिवशी मी त्या पट्टीला नऊचा भाव लावला. आठचाही लावला असता, पण सवय बिघडते.

पाडव्याच्या आधी डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवले. नंदू रजा टाकून आला. मी बाहेर बसणार होतो, पण बाई म्हणाल्या, साक्षीदार हवा. तारीख, वार, गावाचे नाव झाले. मग त्यांनी सांगितले, शंभरातून सात वजा करत जा.

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी." बाईंनी वेग पकडला. पाच उत्तरे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बस, बस." बाई कसल्या थांबतात! "नऊ. दोन. वजा पाच. वजा बारा. वजा एकोणीस." डॉक्टर घड्याळ पाहू लागले. "वजा चाळीस, आणि आता तुम्ही सांगा पुढचं."

वजा सत्तेचाळीस. मी घरी येऊन कागदावर काढले.

फ्लॅटचे बोलणे मोडले. बाई अकोट्यातच राहिल्या. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण संध्याकाळची पाव गोळी सुटेना. बँकेची सुटली, लिफ्टची सुटली, आंघोळीची सुटली. सात वाजताच्या पाव तुकड्यासाठी बाई डॉक्टरांशी, माझ्याशी, सुनेशी भांडल्या. वैशाखात एक दिवस मी वैतागून विचारले, "सात वाजता येतं तरी काय तुमच्याकडे? मगर?"

बाईंनी हातातला बटवा मिटला. मग म्हणाल्या, "साडेसातला नंदूचा फोन येतो."

"मग?"

"गॅस बंद केला का. दार लावलं का. आज कुणाला काय दिलं. काल काय सांगितलं होतं ते आठवतं का, सांग बरं. एक उत्तर चुकलं की तिकडे गप्प होतो. मी इतकी वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या, जगताप. मुलं का घामेजायची ते मला आत्ता कळलं."

म्हणजे रोज फोनच्या अर्धा तास आधी बाई गोळी घेत. गोळी चढली की फोन. जीभ जड, उत्तरे चुकीची. नंदूने महिनोन् महिने आई ऐकली ती फक्त तेव्हा, आणि त्यावरून आईचे डोके गेल्याचा निकाल लावला.

उपाय हंसाबेनने काढला. "बेन, तमे ज पहेलां फोन करो ने." दुसऱ्या दिवसापासून सात वीसला बाईच फोन करू लागल्या. "नंदू, जेवलास का? बीपी मोजलंस? गाडीचा विमा भरला का? काल म्हणाला होतास भरतो, आठवतंय ना?" आता तिकडे नंदू चाचरतो. महिन्याभरात, डॉक्टरांना विचारून, तो पाव तुकडाही गेला.

मग माझी तक्रार काय? सांगतो. डबा सापडला त्या रात्री नंदूने मोबाइलवर माझ्या दुकानाला पाचांपैकी एक तारा दिला. खाली लिहिले: "बेदरकार दुकान. वृद्धांनी सांभाळून." तो तारा अजून तिथे आहे. सुनेला म्हटले, काढायला सांग. ती म्हणाली, त्यालाच काढता येतो. नंदूला मी दोनदा म्हटले. दोन्ही वेळा "बघतो, काका."

बाई म्हणतात, जाऊ द्या हो जगताप. मी जाऊ देत नाही. तारा खोटा आहे असेही म्हणत नाही. "अर्धी" म्हणायला मी चुकलो, म्हणून आज आमच्या प्रत्येक पाकिटावर सून मात्रा अक्षरांत लिहिते, ज्याच्या त्याच्या भाषेत, आणि गिऱ्हाइकाकडून उलट म्हणवून घेते. डॉक्टर आता बोटाने गोळीवर रेघ ओढून दाखवतात. हंसाबेन कानाचे यंत्र लावतात. खोटे बोलल्याबद्दल बाईंनी माझी माफी मागितली, तीही माझ्या पाटीतली आणखी एक चूक दाखवत दाखवत. ज्याने त्याने आपले उत्तर दिले.

नंदू, तू राहिलास. एक तारा ठेव, हवा तर अर्धा कर. पण मला सांग, आणि त्याच जागी सगळ्यांना दिसेल असे लिही: तुझ्या आईला बँकेची भीती वाटली, लिफ्टची वाटली, मगरीची वाटली, ते मला समजते. तुझ्या फोनची का वाटली?